दोनशे फेरे

त्या हौदाकडं बोट करून "चुना कुणी मळला वो?" आसं इचारणारे लई आले आन लई गेले, पावणं. आता तुमीबी इचारलंसा. मग बसा खाली. आर्धं ऐकून उठायचं न्हाय. आर्धं ऐकून गेलेली माणसंच त्या इंजिनाच्या नावानं खडे फोडत गावभर हिंडत्यात, आन ते कानावर आलं की आजबी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाती.

मी बाबालाल. चुन्याच्या घाणीचा मिस्त्री. माझा बाप मिस्त्री, त्येचा बापबी मिस्त्री. ही घाणी तेलाची न्हवं. जमिनीत गोल चर, चराला दगडी बांधणी, मधी खुंटा, खुंट्याला आडवं लाकूड, लाकडाला ह्ये येवढं दगडी चाक, आन चाकाला बैलजोडी. चरात भट्टीतला चुना टाकायचा, वाळू टाकायची, इटांची भुकटी टाकायची, वरनं पाणी. बैलं फिरत्यात आन चाकाखाली चुना मळत जातोय. त्यो चुना खडीत कालवला की झालं कांक्रीट. पाया आसू दे, फरशी आसू दे, समदं त्येच्यावर.

किती फिरवायचं? दोनशे फेरे. आमच्या घरात कलम्याखालोखाल त्योच आकडा. धा फेरे झाले की एक खडा टोपीत टाकायचा. ईस खडे झाले की बैलं सोडायची. बाप मरायला टेकलाता तवा माझा हात धरून म्हणला, "बाबू, इसावा खडा पडल्याबिगर कुणाच्या बापाला चुना उचलू दिऊ नगंस." म्या दिला न्हाय. ठेकेदार शिव्या घालायचे, गवंडी खोळंबून बसायचे, उन्हानं बैलांच्या तोंडाला फेस यायचा, पण दोनशे मंजी दोनशे. न्याहारी करून जुपलेली बैलं दुपारच्या भाकरीलाच सुटायची.

गोष्ट हाय शाहू महाराज गादीवर हुते तवाची. टेसनात आगगाडी यायला लागून पंधरा-ईस वर्सं झालती. आमची गल्ली वेशीच्या भाईर. गल्लीतल्या आडाला शिमग्यापतोर पाणी, मग तळाला नुसता चिखल. बायका पार पंचगंगेवरनं पाणी आणायच्या. आमच्या शेजारची अंबूबाई दिवसाला सात खेपा करायची. घरात आंधळी सासू, तीन पोरं, दोन म्हशी. चुंबळ ठिवून ठिवून तिच्या टाळूवरचे केस गेलते आन तिथं हाताच्या तळव्यायेवढं टक्कल पडलंतं. पदर सरकला की पटदिशी वडून घ्यायची. वय तिशीचं, पण चालायची साठीच्या बाईवानी.

तर आमच्या गल्लीला हौद बांधायचं ठरलं. कळंब्याच्या तळ्याचं पाणी नळानं हौदात यायचं आन बायकांनी दारातनं चार पावलांवर घागर भरायची. अंबूबाईला त्ये सांगितलं तर ती हसली आन म्हणली, "बाबालालदादा, थट्टा करू नगासा गरिबाची." म्या म्हणलं, "आवं, थट्टा न्हाय. चुना माझ्या हातचा आसणार." आसं बोलून गेलो मी. ध्यानात ठिवा.

ठेकेदार सांगलीकडचा. त्यो सहा महिन्यांत एकदा यायचा. कामावर त्येचा माणूस बाळासो. इंग्रजी चार बुकं शिकलेला, डोक्याला तिरका फेटा, खिशाला साखळीचं घड्याळ. चालताना घड्याळाची साखळी दिसावी म्हणून कोटाचं बटण लावायचा न्हाय. ह्या गड्यानं एक दिवस चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात नुसती इंजिनं. चुना मळायची लोखंडी परात, परातीत दोन लोखंडी चाकं, आन त्ये समदं फिरवायला वाफेचं इंजिन.

"मिस्त्री," त्यो म्हणला, "ह्यातलं कंचं घ्यावं?"

म्या म्हणलं, "कंचंच न्हाय. हौद हाय का रायगड? माझ्या दोन घाण्या बास हायती."

"त्ये झालं तुमचं. पण घ्यायचंच हाय."

"मग ह्ये बारकं घ्या. चार घोड्यांचं. धुम्मसानं खडी ठोकणारी ईस माणसं हायती तुमच्याकडं, ती दिवसाला कितीसं कांक्रीट ठोकणार? तेवढ्याला ह्ये पुरं."

त्येनं माझ्याकडं आसं बघितलं, जसं काय म्या पंगतीत त्येच्या पानात शिळी भाकरी वाढली. म्हणला, "चार घोड्यांचं आणलं तर लोक काय म्हणतील? धा घोड्यांचं सांगितलंय म्या." आता बगा, सांगितलं हुतं, मग मला इचारायची काय गरज हुती? पण आपल्याकडं इचारायची पद्धतच आशी. जेवण झाल्यावर पावण्याला इचारायचं, वांगं चालतंय का म्हणून.

धा घोड्यांचं इंजिन आगगाडीतनं टेसनात उतरलं. तिथनं गल्लीपतोर आणायला घोडं न्हवतंच. चौदा बैलं लागली, त्यात माझी चार. रस्त्यावर माणसं गोळा झाली, पोरं शिट्ट्या मारायला लागली, आन माझी बैलं मान खाली घालून आपल्याच जागी येणाऱ्या त्या लोखंडाला वडत हुती. मला तवा इतकं वाईट वाटलं की सांजच्याला बैलांना पेंड घातली आन मी तसाच न जेवता झोपलो.

इंजिनाच्या पेटीत एक जाडजूड इंग्रजी बुक आलंतं. ह्ये यंत्र कसं चालवायचं त्येचं बुक. आता काय करावं शान्या माणसानं? उघडावं, वाचावं. बाळासोनं काय केलं? भटाला बोलावलं. इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. बुकबी पाटावर ठिवलं, त्येलाबी हळदकुंकू, वर फूल. समद्यांनी हात जोडले, मीबी जोडले, खोटं कशाला बोलू? मग बुक तांबड्या फडक्यात गुंडाळलं आन त्येच्या टरंकेत गेलं. टरंकेला कुलूप लागलं आन इंजिन चालू झालं.

इंजिन चालवायला मिरजेचा माणूस आलता, चमन नावाचा. रेल्वेच्या कामावर धा वर्सं काढलेली. तिशीचा बाप्या, आंग कोळशानं काळं, बोलायला लई कमी. जात माझी, पण मला त्यो पयल्या दिवसापासनं डोळ्यांत सलत हुता. माझ्या चार बैलांची पेंड त्यो खायला आलाय, आसंच मला वाटायचं.

पयल्या दिवशी परातीत चुना पडायच्या आधी त्यो माझ्याजवळ आला. आदबीनं आला. म्हणला, "चाचा, कितना चलाना? आमच्या रेल्वेत चुना आदल्या दिवशी भिजत घालत्यात, रातभर पाणी पिऊ देत्यात. मग घड्याळ लावून आर्धा तास फिरवत्यात."

मला काय झालं त्येचं मला आजबी कळत न्हाय. न्हाय, कळतंय. कळतंय की. ह्यो कालचा पोरगा मला चुना शिकवतोय, हे माझ्या डोस्क्यात शिरलं. सगळी गल्ली बघत हुती. म्या मोठ्यानं म्हणलं, "घड्याळ आगगाडीला लागतंय, चमन. चुन्याला फेरे लागत्यात. दोनशे. माझ्या आज्यानं दोनशे फिरवलं, बापानं दोनशे फिरवलं, तुझी परात काय आभाळातनं पडली? दोनशे झाले की थांबव. एक कमी न्हाय आन एक जास्त न्हाय."

बाळासो तिथंच हुबा हुता. त्येनं खिशातला करार काढला. "बरोबर हाय. करारात दोनशेच फेरे हायती."

हायती की. बैलांच्या घाणीचे हायती.

चमन जरा घुटमळला. "चाचा, चुना आदल्या दिवशी भिजवला तरी—"

"बास," म्या म्हणलं. "तू तुझा कोळसा बघ."

गल्ली हसली. त्यो गप इंजिनाकडं गेला.

दोनशे फेरे. म्या टोपी मांडीवर घिऊन बसलो खडे टाकायला. धा फेरे, खडा. धा फेरे, खडा. आवं, हात खाली जातोय न जातोय तवर दुसरे धा! ईस खडे धा मिनिटांत संपले. मळलेला चुना लोण्यावानी दिसत हुता. म्या चिमटीत धरला. गरम लागला. चुना गरम लागतोय मंजी त्यो आजून पाणी पितोय, पोटात कच्चा हाय, हे माझ्या आज्यानं मला मी आठ वर्सांचा आसताना शिकवलंतं. बैलं तीन तास फिरायची तवा चुना तीन तास पाणी प्यायचा. आमाला वाटायचं, फेऱ्यांनी पिकतोय. पिकत हुता त्यो येळानं. पण म्या काय म्हणलं मनाशी? म्हणलं, इंजिनाची धग लागली आसंल. आन हात धोतराला पुसला.

आन सांगू, घाई कुणाला हुती? धा घोड्यांचं ते धूड धा मिनिटांत आर्ध्या दिवसाचा चुना मळून टाकायचं. ईस धुम्मसवाले घाम गाळून तेवढं कांक्रीट ठोकायचे तवर दुपार व्हायची. तवर इंजिन नुसतं हुबं. कोळसा जळतोय, वाफ सुटतीया, चमन फडक्यानं पितळ पुसतोय. आर्धा तास काय, चार तास फिरवलं आसतं तरी कुणाचं काय आडत न्हवतं. येळ रग्गड हुता. नुसता पडून हुता.

हौदाची फरशी झाली, भिंती झाल्या, गिलावा झाला. पंधरा दीस पाणी मारलं. मग एका शुक्रवारी नळ सोडला. कळंब्याचं पाणी फसफसत आत आलं तवा बायकांनी गाणी म्हणली. अंबूबाईनं पयली घागर भरली. तिनं ती डोक्यावर ठिवलीच न्हाय. कडेवर घेतली, लेकरावानी, आन चार पावलांत घरात. भाईर आली तर डोळ्यांतनं पाणी. मला म्हणली, "दादा, आज मी दुपारची झोपणार हाय. लगीन झाल्यापासनं मी दुपारची झोपली न्हाय." आन गेली झोपायला.

शनवारी सकाळी हौदात गुडघाभर पाणी. दुपारी चिखल. सांजच्याला तळ उघडा, आन फरशी मधोमध वर आलेली, तटतटून फुगलेली, आन तिच्यातनं हात जाईल येवढी चीर. जागोजाग पांढरे फोड. बोट लावलं की फोड फुटायचा आन आतनं भुकटी यायची.

गल्ली खवळली. त्यात पयला आवाज कुणाचा? माझा! "बगा! म्या सांगत हुतो! म्या पयल्या दिवसापासनं बोंबलत हुतो, ह्ये लोखंड नगं म्हणून! इंजिनानं घात केला!" आठ दीस मी वरडत हुतो. चावडीवर वरडलो, मशिदीच्या पायरीवर वरडलो, तालमीच्या दारात वरडलो. लोकांना ते पटायलाबी सोपं. इंजिन भाईरचं, चमन भाईरचा. कुणीतरी त्येच्या झोपडीवर दगड मारला. चमनच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी त्यो फडकं बांधून इंजिनाजवळ आला आन पितळ पुसायला बसला. मला त्येच्याकडं बघून काय वाटलं न्हाय. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

बाळासोला तर आयतंच सापडलं. त्येनं कागद तयार केला. इंजिनवाल्यानं हयगय केली, चुना नीट फिरवला न्हाय, त्येला कामावरनं काढावं आन रेल्वेलाबी कळवावं, म्हणजे पुन्हा कुठं त्येला कुणी उभं करणार न्हाय. मंजी चमनची जल्माची भाकरी गेली. कागदावर माझा आंगठा पायजे हुता, जुना जाणकार म्हणून. मी निघालोच हुतो आंगठा द्यायला. पण त्या आधी पुण्याचा इंजिनेर सायब आला चौकशीला.

सायब आपलाच माणूस, मराठी बोलणारा. त्येनं फरशी बघितली, फोड बघितले, भुकटी चिमटीत घिऊन चोळली. मग मीच पुढं झालो. आता हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात ते कसं आसतंय बगा. म्या म्हणलं, "सायब, नुसतं बघून काय कळणार? माझ्या बैलांच्या घाणीचा चुना आन ह्या इंजिनाचा चुना शेजारी शेजारी मळा. दोनशे फेरे हिकडं, दोनशे फेरे तिकडं. लाडू करा आन पाण्यात टाका. दूध का दूध, पानी का पानी."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सायब म्हणला, "चांगली कल्पना आहे, मिस्त्री." मग चमनकडं वळला. "आणि तू तुझ्या मनानं, तुला योग्य वाटेल तसा एक मळ."

चमननं रातभर चुना भिजत घातला. सकाळी खिशातनं घड्याळ काढलं आन आर्धा तास परात फिरवली. तिकडं माझी बैलं फिरत हुती. म्या टोपीत खडे टाकत हुतो, छाती पुढं काढून. तीन जातीचे लाडू झाले. दोन दीस सावलीत वाळवले, मग तीन घमेल्यांत पाणी घालून त्यात सोडले, वर झाकण घातलं आन सायबानं त्येंच्यावर चौकीदार बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली गोळा झाली. अंबूबाई पंचगंगेची खेप टाकून तशीच आलती, घागर डोक्यावर. घमेली उघडली. इंजिनाच्या दोनशे फेऱ्यांचा लाडू फुटून पाण्यात पसरलाता. माझा लाडू साबूत. गल्लीत एकच कालवा झाला. मला कुणीतरी खांद्यावर घेत हुतं.

सायबानं हात वर केला. तिसरं घमेलं दाखवलं. चमनचा लाडू. साबूत. सायबानं त्यो उचलून दगडावर आपटला. फुटला न्हाय. माझा आपटला, त्येची कड उडाली.

खांद्यावर घेणाऱ्यानं मला खाली सोडलं.

"म्हणजे यंत्र चांगलं आहे," सायब म्हणला. "दोनशे फेरे चुकीचे आहेत. यंत्राला दोनशेच फेरे द्यायचे, हे ठरवलं कुणी?"

बाळासो पुढं झाला. तोंडातलं पान न थुकता म्हणला, "ह्येनंच, सायब. इंजिनवाल्यानं. आमाला इंजिनातलं काय कळतंय?"

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्या! मी चमनकडं बघितलं. वाटलं, आता बोलंल. माझं नाव घील. त्येला बोलायला पायजेच हुतं, त्येची भाकरी चाललीती. पण त्यो माझ्याकडं बघत हुता. कपाळाला फडकं, आन तोंडातनं शब्द न्हाय. वयानं मोठ्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचं न्हाय, येवढं त्येच्या आईबापानं त्येला शिकवलं हुतं. माझ्या आईबापानं मला काय शिकवलं हुतं, ते मी पयल्या दिवशी इसारलो हुतो.

मी गप ऱ्हायलो आसतो तर? कुणाला कळणार हुतं? गल्ली माझी, बाळासो माझ्या बाजूला, करारात आकडा लिवलेला. पण मग बाळासोचं ते पान चघळणं बघितलं, आन मला सवताचीच किळस आली. ह्यो माणूस आन मी एका बाजूला? या अल्ला, ह्येच्या बाजूला?

"म्या सांगितलं," मी म्हणलो.

"काय?"

"दोनशे फेरे म्या सांगितले, सायब. ह्यो पोरगा सांगत हुता चुना भिजवू म्हणून, घड्याळ लावू म्हणून. म्या त्येला चारचौघांत गप केलं. चुना हाताला गरम लागला, तवाबी म्या तोंड उघडलं न्हाय. मिस्त्री मी हाय. चूक माझी हाय." आन मग मला आवरंना. "पण ह्या बाळासोला इचारा! इंजिनासंगं बुक आलंतं. त्यात काय लिवलंय ते ह्येला इचारा! आमी अडाणी, आमाला इंग्रजी येत न्हाय. ह्येला येती की! चार बुकं शिकलाय न्हवं का!"

सायबानं बुक मागितलं. टरंक उघडली, तांबडं फडकं सुटलं. हळदकुंकू तसंच, वाळलेलं फूल तसंच. सायबानं पान उलटायला बोट घातलं तर पान उलटंना. छापखान्यातनं आलं तशी कडेला जोडलेली पानं, कुणी कापलीच न्हवती. सायबानं चाकू मागितला, पान कापलं आन मोठ्यानं मराठीत सांगितलं. चुना आधी पुरता भिजवून घ्यावा. फेरे मोजू नयेत, मिनिटं मोजावीत. पयल्याच पानावर हुतं, पावणं. पयल्याच पानावर!

बाळासो म्हणला, "पूजेचं बुक, सायब. त्येला चाकू कसा लावायचा?"

आता ह्येच्यावर काय बोलणार? सायबानं बुक मिटलं. फरशी पार तळापतोर फोडा आन परत घाला, येवढाच हुकूम देऊन त्यो टांग्यात बसला. चमनवरचा कागद त्येनं फाडला. माझं नाव जाणकारांच्या यादीतनं कमी झालं. बाळासोला काय झालं? काय बी न्हाय. इंग्रजी येतंय ना त्येला.

टांगा गेल्यावर अंबूबाई माझ्यापुढं येऊन हुबी ऱ्हायली. डोक्यावर भरलेली घागर. ती वरडली आसती तर मला बरं वाटलं आसतं. ती हळूच म्हणली, "बाबालालदादा, मग आठ दीस आमाला संगं घिऊन तुमी कुणाला शिव्या देत हुतासा? माझ्या थोरल्यानं मारला वो त्यो दगड. तुमचं ऐकून मारला."

आन ती वळली, घागर सावरत घराकडं गेली. दुपारच्या आत तिला आजून चार खेपा करायच्या हुत्या.

म्या टोपी काढून ठिवली. भिंतीला टेकवलेली पहार उचलली आन शिडीवरनं हौदात उतरलो. ईस वर्सांत म्या पहार हातात धरली न्हवती, मिस्त्री माणूस मी. पयला घाव घातला तो हातातनं सटकला. दुसरा बसला.

वरनं बाळासो म्हणला, "मिस्त्री, ते गड्यांचं काम हाय. तुमी कशाला?"

"माझं काम हाय!" म्या खालनं वरडलो. माझा आवाज त्या रिकाम्या हौदात घुमला. "आन तुझंबी हाय! फेटा काढ आन उतर खाली! उतर!"

त्यो उतरला न्हाय. चमन उतरला.